जिल्ह्यापासून सुरुवात

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या मुलाखतीत मी खुर्चीसमोर उभीच राहिले. गुरुग्राममधली काचेची इमारत, वरचा कुठला तरी मजला, एसी असा की स्वेटर आठवावा. समोर एक तिशीचा मुलगा आणि त्याहून लहान दिसणारी एक मुलगी, दोघंही लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली. बसू का, असं मी दारातूनच विचारलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं, म्हणून मी उभी. शेवटी मुलीचं लक्ष गेलं. ती दचकून म्हणाली, "अरे मॅम, बैठिए ना प्लीज."

मग मुलाने तो प्रश्न विचारला. सो मॅम, टेल अस अबाउट युअरसेल्फ.

मी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि इंग्रजीत सुरुवात केली. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. हा जिल्हा महाराष्ट्राच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या कुशीत आहे. कृष्णा आणि कोयना या इथल्या मुख्य नद्या. एकेकाळी इथे मराठ्यांची राजधानी होती. ऊस, हळद, स्ट्रॉबेरी ही इथली...

"मॅम," मुलगा हळूच म्हणाला, "आप आज सातारा से आई हैं?"

"नहीं," मी म्हटलं. "द्वारका से. मेट्रो से."

सातारा मी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेला आहे. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, कॉलेज दिल्लीचं, नोकरी गुरुग्रामची. वय सत्तेचाळीस. त्या मुलाला यातलं नोकरीचं तेवढं ऐकायचं होतं. मी मात्र त्याला स्ट्रॉबेरीपर्यंत नेऊन सोडलं. ती नोकरी मिळाली नाही हे सांगायला नकोच.

पण ही चूक माझ्या एकटीची नव्हे. ती आमच्या घराची आहे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि माझं सगळं लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आता ती क्वार्टर्स पाडून तिथे टॉवर उभे केलेत, त्यामुळे दाखवायला काही उरलेलं नाही. तर तिथे दर वर्षी थंडी सरता सरता आमच्या जेवणाच्या टेबलावर बोर्ड भरायचा. महाराष्ट्रातली जी मुलं यूपीएससीची लेखी पास होऊन मुलाखतीसाठी दिल्लीत यायची, ती राजिंदर नगरमधल्या भाड्याच्या खोल्यांतून एकेक करून आमच्याकडे यायची, आणि बाबा त्यांची खोटी मुलाखत घ्यायचे. बाबा मधोमध. एका बाजूला टपाल खात्यातले शेजारचे काका, दुसऱ्या बाजूला रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या, नगर जिल्ह्यातल्या ख्रिश्चन काकू. या काकू एरवी प्रेमळ होत्या. पण टेबलामागे बसल्या की समोरच्याचा टाय सैल पडेपर्यंत सोडायच्या नाहीत.

हे दिल्लीतल्या मराठी अधिकाऱ्यांच्या घरी सर्रास चालायचं, अजूनही चालतं. कुणी पैसे घेत नाही. आपल्याकडची पोरं आहेत, एवढं एकच कारण. आई पोहे करायची, मी चहा न्यायचे. बाबांचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ झाले होते. आत येताना परवानगी. सांगितल्याशिवाय बसायचं नाही. येत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, स्वतःबद्दल सांगा म्हटलं की जिल्ह्यापासून सुरुवात. "तू कोण आहेस यात त्यांना रस नाही रे," बाबा समोरच्या घाबरलेल्या जीवाला सांगायचे. "तू कुठल्या मातीतून उठून आलास ते त्यांना बघायचंय. सत्तावीस वर्षांच्या माणसाकडे स्वतःचं असं सांगण्यासारखं असतंच काय?"

मी स्वतः ती परीक्षा कधी दिली नाही. बाबांनी एकदा सुचवलं, मी नाही म्हटलं, विषय संपला. मी एका खासगी कंपनीत लागले आणि तिथेच वर चढत ग्राहकांच्या तक्रारींचा विभाग सांभाळू लागले. शिव्या खाऊन गोड बोलण्याचा पगार मिळत होता आणि तो बरा होता. लग्न केलं नाही. आई गेल्यावर द्वारकेच्या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी, दोघंच. निवृत्तीनंतरही त्यांचा बोर्ड चालूच होता, फक्त काकांच्या जागी कधीकधी मला बसवायचे.

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं परत आलं तेव्हा त्यातली इंग्रजी आणि हिंदी परत आली नाही. सगळी नोकरी ज्या माणसाने इंग्रजीत फायली लिहिल्या आणि हिंदीत शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांशी गप्पा मारल्या, त्याच्याकडे फक्त मराठी उरली. तीसुद्धा लहानपणची, गावाकडची. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.

दिल्लीत हे फार अवघड आहे. सेवेला ठेवलेला भैया झारखंडचा होता, मनाने चांगला. बाबा म्हणायचे, "कूस बदलून दे रे." तो चहा आणायचा. बाबा म्हणायचे, "गारठलो." तो पंखा वाढवायचा. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की बाबा रागाने लाल झालेले आणि भैया रडकुंडीला आलेला. मला तरी सगळं कळायचं असं कुठे होतं? दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांची मराठी जेवणाच्या टेबलापुरती. बाबा एखादा शब्द बोलायचे आणि मी पुण्याला वहिनीला फोन लावायचे की याचा अर्थ काय. तरी माझ्याइतकं त्यांचं कळणारं या शहरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मी नोकरी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. दादा फोनवर म्हणाला, "तुझं तू बघ गं, मी काय सांगू." तो पुण्यात, त्याचं सगळं तिकडे, यात त्याची काही चूक नव्हती.

दोन वर्षं तशी गेली. मग बाबा गेले.

त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मी रडले नाही. लोकांना चहा दिला, दाखले आणले, बँकेत गेले, गादी कुणाला तरी देऊन टाकली. नगरच्या काकू नव्वदीच्या घरात आल्यात, त्या वॉकर घेऊन आल्या आणि मला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावर माझी हनुवटी होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा बघत होते. मला काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ आपला वाटत नाही ना, तसं सगळीकडे.

तेराव्यानंतर निघताना दादा म्हणाला, "आता इथे तुझं काय आहे? पुण्याला चल."

मी म्हटलं, मी नोकरी बघते.

"बघ ना. दिवाळीपर्यंत बघ. नाही जमलं तर ये, वरची खोली रिकामीच आहे. हा फ्लॅट विकून टाकू." तो काळजीनेच बोलत होता. फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि त्यावर हट्ट धरण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. पण मला पुण्याला जायचं नव्हतं. पुण्यात मी दिल्लीची. माझं "अच्छा" आणि "चलो" ऐकून वहिनीच्या मैत्रिणी हसतात. दादाच्या वरच्या खोलीत, त्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळत, अविवाहित आत्या म्हणून म्हातारं व्हायचं, याला माझा जीव तयार नव्हता. सगळं बधिर झालं होतं तरी एवढं मात्र स्वच्छ कळत होतं. दिवाळीच्या आत नोकरी, नाहीतर वरची खोली.

साताऱ्याच्या स्ट्रॉबेरीचा किस्सा मी माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितला. ती माझ्याहून बरीच लहान, पानिपतची, घरचा ब्लँकेट-चादरींचा धंदा. ती पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा बाबा चांगले होते. कुठली म्हणून विचारलं, तिने पानिपत सांगितलं, तर बाबा गंभीर चेहरा करून म्हणाले, "बेटा, हमारे लोग एक बार तुम्हारे यहाँ आए थे. बहुत सारे. वापस नहीं आए." ती बिचारी घाबरली, तिला वाटलं कुणी नातेवाईक हरवलेत. समजल्यावर खूप हसली आणि पुढच्या वेळी येताना त्यांच्यासाठी एक जाडजूड ब्लँकेट घेऊन आली. म्हणाली, "अंकल, ये मुआवज़ा." त्या लढाईची नुकसानभरपाई. आता ती एका मोठ्या कंपनीत माणसं भरती करण्याच्या कामावर आहे. म्हणजे टेबलाच्या पलीकडची.

"दीदी," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ज़िला कौन बताता है? नदियाँ कौन बताता है? आप कोई नेशनल पार्क हो?"

मग तिने मला शिकवायला घेतलं. रविवारी सकाळी ती मेट्रोने यायची, आमच्याच जेवणाच्या टेबलामागे बसायची आणि विचारायची. टेल मी अबाउट युअरसेल्फ. मी उत्तर द्यायचे, ती तोडायची. जन्म नको, गाव नको, वडील काय करतात ते तर नकोच नको. शेवटच्या नोकरीपासून सुरू करायचं आणि एका मिनिटात संपवायचं. तुमचा कमकुवतपणा काय? "परफेक्शनिस्ट मत बोलना, सब यही बोलते हैं." मग काय बोलू? तिने एक बेताचा, निरुपद्रवी दोष मला निवडून दिला, की मला कामं दुसऱ्यावर सोपवायला जड जातं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मला गुरुवारसुद्धा दिसत नव्हता. पण टीम, लीडरशिप वगैरे शब्द घालून एक वाक्य तयार झालं.

राहिला तो मधल्या दोन वर्षांचा प्रश्न. बायोडेटात एवढं मोठं भोक, कोण विचारणार नाही?

"बोलना, घर में एक मेडिकल ज़िम्मेदारी थी. अब वो पूरी हो गई है. नाऊ आय एम फुली अव्हेलेबल. और लास्ट में स्माइल."

मी म्हटलं, "बाबा बीमार थे, ऐसे सीधा बोलूँ तो?"

"नहीं दीदी." बाबांना शेवटचं बघायला ती पहाटे उठून आली होती, तिला काही वाटत नव्हतं असं नाही. "पापा बोलोगी तो वो पूछेंगे, अब कैसे हैं. फिर आप बताओगी. फिर वो सॉरी बोलेंगे. और दीदी, जिसको सॉरी बोलना पड़े ना, उसको कोई लेता नहीं. मैं भी नहीं लेती. सच बता रही हूँ."

तिचं खरं होतं. मीही वर्षानुवर्षं लोकांना सॉरी म्हणून पगार घेतला होता आणि फोन ठेवल्यावर त्यातलं एक नाव मला आठवत नसे.

मी ते वाक्य घोकलं. भाजी चिरताना, लिफ्टची वाट बघताना, कपडे वाळत घालताना. जिम्मेदारी थी, पूरी हो गई है, फुली अव्हेलेबल, स्माइल. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. नंतर तोंड आपलं आपण ते म्हणू लागलं आणि मी बाजूला उभी राहून ऐकू लागले. वाईट वाटायला हवं होतं, हे मला समजत होतं. वाटत नव्हतं. रोज वाट बघायचे की आज तरी काही वाटेल.

मध्ये तीन-चार ठिकाणी जाऊन आले. एकीकडे व्हिडिओवर मुलाखत होती आणि घेणाऱ्याचं मूल मागून सतत "पापा पॉटी" म्हणत होतं. आम्ही दोघांनीही ते ऐकू येत नाही असं दाखवलं. एकीकडे बाईंनी माझं वय बघून विचारलं की तिशीतल्या बॉसच्या हाताखाली चालेल का. मी म्हटलं, बिल्कुल चालेल. त्यांना ते खरं वाटलं नसावं. उत्तरं माझी आता उत्तम होत होती, पण फोन येत नव्हते. पुण्याहून मात्र यायचे. दादाने एका एजंटशी बोलून ठेवलं होतं. धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवारी एक कुटुंब फ्लॅट बघायला येणार होतं. "नुसतं बघून जातील गं," तो म्हणाला. मी म्हटलं, येऊ देत. वहिनीने वरच्या खोलीला रंग कोणता देऊ म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुठलाही चालेल. ती खरंच मनापासून विचारत होती.

त्याच आठवड्यात शेवटचं बोलावणं आलं. पुन्हा गुरुग्राम, पुन्हा काच. परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारी, त्यामुळे कामाच्या वेळा विचित्र, कधी संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत. समोर एकच माणूस होता, साधारण माझ्याच वयाचा, केस पिकलेले, बोलायला शांत. मी विचारल्याशिवाय बसले. एका मिनिटात स्वतःबद्दल सांगितलं. त्यात सातारा नव्हता. तो ऐकत होता, मधून मधून लिहून घेत होता.

मग तो त्या दोन वर्षांवर आला. तोंडाने आपलं काम चोख केलं. जबाबदारी होती, पूर्ण झाली, मी पूर्णपणे उपलब्ध आहे. स्माइल.

त्याने मान डोलावली आणि पेन हातातच ठेवून विचारलं, "मॅडम, बुरा मत मानिएगा. टाइमिंग ऐसी है कि पूछना पड़ता है. ऐसी सिच्युएशन फिर से तो नहीं आएगी? मतलब, घर में और कोई?"

"नहीं."

"मदर?"

"नहीं हैं. काफ़ी साल हो गए."

"हजबंड, बच्चे?"

"नहीं."

"मतलब घर पे और कोई नहीं?"

"नहीं सर," मी म्हटलं. "कोई नहीं है."

"परफेक्ट," तो म्हणाला, आणि त्याने ते लिहून घेतलं.

तो वाईट माणूस नव्हता. त्याला पाळ्यांचा रोस्टर भरायचा होता आणि असा माणूस हवा होता ज्याच्या घरून फोन येणार नाही. त्या क्षणी मला काही वाटलं असेल तर आनंद. इतक्या दिवसांत एकही उत्तर असं नेमकं लागलं नव्हतं. मी अजून हसतच होते, कारण शिकवलेलं स्माइल उतरवायचं राहून गेलं होतं. परत येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि मी काचेत स्वतःला बघत होते. सरकारी वसाहतीत कुणाचे वडील नोकरीत असताना गेले की मुलाला किंवा मुलीला नोकरी द्यायची सोय असते, तिला अनुकंपा म्हणतात. आमच्या मागच्या ब्लॉकमधल्या एका ताईला तशी मिळाली होती. ती पहिल्या दिवशी ऑफिसला निघाली तेव्हा बायका गॅलरीत येऊन डोळे पुसत होत्या. मला वाटलं, माझं तरी वेगळं काय आहे? बाबा असते तर हा माणूस मला घेणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. घेतलं होतं. मी धन्यवाद म्हटलं, सोमवारी येते म्हटलं. मग पानिपतवालीला कळवलं. ती फोनवर किंचाळली. मग दादाला फोन लावला, कारण दुसऱ्या दिवशी ते कुटुंब फ्लॅट बघायला यायचं होतं आणि त्यांना नको म्हणून कळवायला हवं होतं.

"मिळाली," मी म्हटलं.

"अरे वा!" तो म्हणाला. खरंच खूश झाला होता. आत वहिनीला ओरडून सांगितलं. "म्हणजे तू आता तिकडेच. बरं, मी एजंटला नाही म्हणून सांगतो. चांगलं झालं. बाबा असते तर मुलाखतीत काय काय विचारलं, हेच त्यांनी आधी विचारलं असतं, नाही? सांग, काय विचारलं?"

"नेहमीचंच. आधीचं काम. मधली दोन वर्षं." मी गॅससमोर उभी होते. चहा उकळत होता. "आणि घरी कोण कोण असतं ते."

"मग?"

"मी म्हटलं, कोणी नाही."

पलीकडून नुसता वहिनीचा मिक्सर ऐकू येत होता. मी हॅलो म्हटलं.

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "नोकरीसाठी तसंच सांगायला हवं." मग लहानपणी मी रुसले की बोलायचा तशा आवाजात तो म्हणाला, "पण मी आहे की गं."

मी गॅस बंद केला. हो म्हणायला तोंड उघडलं आणि हो आलं नाही. बाबा गेल्यापासून जे आलं नव्हतं ते सगळं तिथे ओट्यापाशी एकदम आलं, आणि दादा तिकडे फोन धरून राहिला.